दोन घंट्या

टेलिफोनची घंटी वाजली तेव्हा सिद्धनाथ फेटा बांधत होता. एक टोक दातांत, दुसरं हातात, डोळे आरशात. चार दिवस ते यंत्र भिंतीवर मुकाट बसलं होतं. नवी सून आणावी आणि तिनं तोंडच उघडू नये, तसं. आणि आता एकाएकी असं खणखणलं की नव्या घराच्या रिकाम्या खोल्या घुमल्या. दातांतलं टोक सुटलं, फेटा खांद्यावर आला. सिद्धनाथ जागच्या जागी उभा राहिला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप करंगळीच्या पेरावर गेला. एक. घंटी थांबली. पुन्हा वाजली. अंगठा पुढच्या पेरावर सरकला. दोन. आता तिसरी झाली की जायचं, हे त्याच्या मनानं नव्हे, पायांनीच ठरवून टाकलं होतं. पाय उचललासुद्धा होता. तिसरी झालीच नाही.

"आवं, वाजलं की त्ये!" स्वयंपाकघरातून त्याची बायको केराबाई ओरडली. "कोन व्हतं?"

"कुणी न्हाय."

"कुणी न्हाय तर वाजंल कशाला मेलं?"

सिद्धनाथनं फेटा खुंटीला लावला आणि यंत्रासमोर जाऊन उभा राहिला. काळं लाकूड, वर दोन पितळी वाट्या, बाजूला फिरवायची मूठ, आकड्याला टांगलेलं कानाला लावायचं. आता ते असं गप्प होतं की जणू त्याचा काही संबंधच नाही. तात्याबा लाइनमननं बसवताना बजावून सांगितलं होतं. तोंडात पानाचा तोबरा, हातात पक्कड, आणि शिडीवरूनच त्याचं सुरू, "मालक, एक सांगून ठेवतो. घंटी झाली की पैल्याच घंटीला उचलायचं बगा. एक्स्चेंजवर मानूस बसलेला असतोय, त्येला धा ठिकानं बगायची असत्यात. दोन घंट्या देतोय, न्हाय उचललं की सोडून देतोय. मग बसा बोंबलत." सिद्धनाथनं मान हलवली होती. मान हलवायला काय जातंय!

पण बावन्न वर्षं अंगात मुरलेलं एका लाइनमनच्या सांगण्यानं निघतं होय? दिसत नसलेल्या माणसानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे बाळाबाईनं, त्याच्या आईनं, त्याला धड चालता येत नव्हतं तेव्हापासून कानात घातलेलं. माळावरची हाक, ओढ्यातली हाक, तिन्हीसांजेची हाक, कुणाची असेल काय सांगावं? "भुताला दोनच हाका येत्यात. तिसरी मारतोय त्यो मानूस." मेंढरांमागं हिंडणाऱ्या पोराला हे पाठ असावं लागतं. पण सिद्धनाथनं मेंढरं सोडली, घोंगड्यांची पाठकुळी सोडली, सोलापुरात लोकरीचा मोठा व्यापारी झाला, तरी हा नेम काही सुटला नाही. पेढीवर गठ्ठ्यांच्या मागं बसला असला आणि दारातून कुणी 'सिद्धनाथराव' म्हणालं, तर तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत हा हूं की चूं करत नसे. गिऱ्हाइकं थट्टा करायची, देव एका हाकेला धावतो, आमच्या सिद्धनाथरावांना तीन लागतात. तोही हसायचा. मुलानं, जोतीरामनं, तर आजीकडून हे बापाच्या वरताण उचललेलं. शाळेत उशिरा पोचून बाहेर उभा असला आणि आतून मास्तरांनी नाव घेतलं, तर तिसऱ्यांदा घेईपर्यंत 'हजर' म्हणायचा नाही. तोवर मास्तरांनी गैरहजर मांडून टाकलेला असायचा. घरी केराबाई जेवायला हाका मारून दमायची. "आजीचा नेम, बापाचा नेम, लेकाचा नेम, आन् भाकर माझी गार," असं ती म्हणायची, आणि तिघंही खाली मान घालून गार भाकर खायचे.

त्याच जोतीरामला घर सोडून अकरा महिने झाले होते. टेलिफोन धंद्यासाठी घेतला, असं सिद्धनाथनं साऱ्या पेठेला सांगितलं होतं. मुंबईचा भाव कळतो, मालाची गाडी कळते, वगैरे. लोकांनी माना डोलावल्या. होटगीच्या रस्त्याला इतकं लांब, गावाबाहेर घर बांधायचं आणि तिथवर तार नेण्यासाठी तीन नवे खांब रोवून घ्यायचे, म्हणजे माणसाचा धंदा केवढा! खरं काय ते एका पोस्टकार्डाला ठाऊक होतं. ते केराबाईच्या नावानं आलं होतं, बापाच्या नाही. जोतीरामनं लिहिलं होतं, मी पुण्यात मोटार गॅरेजात लागलो आहे, काम चांगले आहे, आजीला नमस्कार, आमच्या गॅरेजात टेलिफोन आहे. आणि खाली नंबर. वाचून दाखवल्यावर सिद्धनाथनं ते कार्ड कोनाड्यात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी उठून तारऑफिसात जाऊन अर्ज देऊन आला. यंत्र लागल्याच्या दिवशी केराबाईच्या पत्राखाली त्यानं स्वतःच्या हातानं एवढंच लिहिलं, 'नंबर एकोणचाळीस.' पुढं अक्षर नाही. आशीर्वाद नाही की ये नाही. एकोणचाळीस लिहिताना सुद्धा टाक दोनदा दौतीत बुडवावा लागला. आणि मग चार दिवस तो हिशेब करत राहिला की पत्र आज पोचलं असेल, आज वाचलं असेल, आज मालकाला विचारून उचलेल. घर सोडून तो गेला, तर हाकही त्यानंच मारायची. बाप आहे मी. पहिल्यांदा मी कशाला?

आता ही हाक आली होती आणि बाप पेरं मोजत उभा राहिला होता.

त्यानं मूठ फिरवली, कानाला लावलं. "एक्स्चेंज," पलीकडचा म्हणाला. "आत्ता एकोणचाळीसला घंटी झाली. कुठनं होती?" पलीकडचा घाईत होता. "बदली झाली साहेब, मी आत्ताच बसलो. आधीचा माणूस घरी गेला." "पुण्याहून होती काय?" "पुण्याची लाइन सकाळपासून चालू आहे खरी. पण तुमचीच होती का, ते कसं सांगू?" आणि खट्. म्हणजे होती असंही नाही, नव्हती असंही नाही. सरळ 'पुण्याची होती' म्हणाला असता तर छातीवर दगड ठेवून सिद्धनाथ पेढीवर गेला असता, 'नव्हती' म्हणाला असता तरी गेला असता. हे मधलं काय करायचं? त्यानं जोडे घातले आणि काढले. केराबाईनं न्याहारी आणून ठेवली, तिच्यावर माशी बसली तरी त्याचं लक्ष नाही.

"पेडीवर जायाचं न्हाय?"

"जातो की."

पण गेला नाही. घरातल्या घरात हिंडत राहिला. या घरात हिंडायला जागा भरपूर, तीच पंचाईत. जुन्या बिऱ्हाडात तीन पावलांत भिंत यायची आणि माणूस निमूट बसायचा. इथं चुन्याचा वास अजून कच्चा, शहाबादी फरशी पायाला गार, आणि प्रत्येक खोलीत आपलीच पावलं आपल्या मागं येतात. ही जोतीरामची खोली. गवंड्यानं विचारलं होतं, हितं काय ठेवणार मालक? सिद्धनाथ म्हणाला होता, गठ्ठे. गठ्ठा एकही ठेवला नव्हता. खिडकीतून तिन्ही खांब ओळीनं दिसत, त्यांवरून ती एवढीशी तार. एवढ्या बारक्या तारेतून माणसाचा आवाज येतो, आणि तो घ्यायला हात पुढं होत नाही! काय म्हणायचं असेल त्याला? सहज केलं असेल? सहज टेलिफोन कोण करतं? आजारी असेल. मोटारीच्या यंत्रात हात सापडला असेल. रक्तबंबाळ हातानं कानाला यंत्र लावून उभा असेल आणि एक्स्चेंजवाला म्हणाला असेल, पार्टी उचलत नाही. जोतीराम हसला असेल. त्याचं हसणं सिद्धनाथला माहीत होतं, एका गालानं. माझा बाप दोन हाकांना कधी उठलाय, असं मनाशी म्हणून त्यानं ठेवून दिलं असेल. गिरणीचा भोंगा झाला, सायकली खडखडत रस्त्यावरून गेल्या, आणि सिद्धनाथला वाटलं, भोंगा तरी बरा, तो सगळ्या गावाला हाक मारतो आणि कुणाच्या ओची वाट बघत नाही.

कारण गेला त्या दिवशीही जोतीरामनं दोनच हाका मारल्या होत्या. मॅट्रिक झाल्यावर पोरानं मोटारीचं काम शिकायचं म्हणून हट्ट धरला. सिद्धनाथ म्हणाला, लोकरीवर वाढलास आणि तेलात हात घालणार? महिनाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग एका दुपारी पेढीच्या दारात पत्र्याची पेटी घेऊन तो उभा राहिला. सिद्धनाथ गठ्ठ्यांच्या मागं होता, दिसत नव्हता, पण त्याला पेटीची सावली दिसत होती. "आबा, येतो मी." सिद्धनाथ गप्प. "आबा." सिद्धनाथ गप्प. आता तिसरी मारेल, मग उठायचं, दोन शब्द ऐकवायचे, पेटी हिसकावून घ्यायची. खरं सांगायचं तर त्या दिवशी नेम पाळायची काही गरज नव्हती. भरदुपार, स्वतःचं पोर, त्याचा आवाज. कुठलं भूत आणि कुठलं काय! नेम ही फक्त आड लपायची जागा होती, गठ्ठ्यासारखी. आणि पोरालाही बापाचा नेम पुरता ठाऊक. त्यानं तिसरी मुद्दाम मारली नाही. ती तशीच खिशात घालून तो मद्रास मेलनं निघून गेला.

दोनदा चुकायला माणसाला अक्कल नसावी लागते. आणि पेढीवरची ती सिद्धनाथची दुसरी खेप होती, आज सकाळची धरली तर तिसरी. पहिलीचं नाव तो मनातसुद्धा घेत नसे. आज मात्र फरशीवरून हिंडता हिंडता पायांखाली माळ आला. मंगळवेढ्याकडचा माळ, वळवाचे दिवस, शेतात मेंढरं खतासाठी बसवलेली. तो बारा वर्षांचा, धाकटा धुळा सातचा. दिवसभर धुळीचं वादळ झालेलं, वर कुठंतरी पाऊस पडून गेलेला, हितं थेंब नाही. तिन्हीसांजेला एक कोकरू कमी भरलं. धुळा म्हणाला, "मी आनतो की," आणि ओढ्याच्या अंगाला पळाला. सिद्धनाथ मेंढरांभोवती जाळी लावत होता. मग हाक आली. "दादा!" बारीक, ओढ्याकडून. त्यानं अंगठा करंगळीवर ठेवला. "सिद्धादादा!" दुसरं पेर. त्याला अजून आठवतं, त्या वेळी त्याला भीतीसुद्धा वाटली नव्हती. आपण नेम किती नीट पाळतो याचं बरं वाटलं होतं. अंगठा तिसऱ्या पेराच्या उंबऱ्यावर थांबला. मग नुसता पाण्याचा आवाज आला. आधी वाटलं वारा आहे. ओढा भरून आला होता. दुसऱ्या दिवशी खाली कोसभरावर बाभळीत धुळा सापडला, कोकरू कुशीत. बाप म्हणाला, पोरगं आवाज न करता गेलं रे. आईनं सिद्धनाथकडं बघितलं आणि विचारलं, "तुला काय आयकू आलं न्हाय?" तो म्हणाला, "न्हाय." चाळीस वर्षं झाली त्या 'न्हाय'ला. लग्न झालं, लोकर झाली, घर झालं. ते न्हाय होतं तिथंच होतं.

दुपार कलली तेव्हा तो परसात आला. बाळाबाई कडुलिंबाखाली घोंगडं टाकून बसली होती आणि चातीवर लोकर कातत होती. नव्या घरात ती फक्त झोपायला जायची. "त्या फरशीवर मानसाचा वास न्हाय," म्हणायची. चाती गरगरत होती, हातातून धागा सुटत होता, आणि डोळे मिटलेले. सिद्धनाथ तिच्याजवळ जमिनीवर बसला. धोतराला माती लागेल, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"सकाळी वाजलं त्ये जोत्याचं व्हतं?" तिनं विचारलं.

"ठावं न्हाय. दोनदा वाजलं. म्या उचललं न्हाय."

"तिसऱ्यांदा?"

"वाजलंच न्हाय."

चाती फिरत राहिली. सिद्धनाथच्या ओठांवर आलं ते सकाळच्या घंटीबद्दल नव्हतं. त्यानं ते रोखून धरलं नाही, धरताच आलं नाही.

"आई, धुळ्यानं हाक मारली व्हती."

चाती थांबली.

"दोनदा मारली व्हती. म्या आयकली. तुला न्हाय म्हनलो त्ये खोटं. म्या तिसरीची वाट बगत बसलो, आई. बोटं मोजत बसलो."

म्हातारीनं डोळे उघडले. ती रडेल, शिव्या देईल, छाती बडवेल, असं काहीतरी त्याला वाटलं होतं. चाळीस वर्षं तो त्याच्यासाठी तयार होऊन बसला होता. ती चातीवरचा धागा नीट गुंडाळत म्हणाली, "मला ठावं हाय."

"कसं ठावं?"

"म्या बी आयकल्या व्हत्या. चुलीपशी व्हते. तुझ्यापरीस वढ्याला म्याच जवळ."

कडुलिंबाचं एक पिकलं पान घोंगड्यावर पडलं. तिनं ते उचलून बाजूला ठेवलं.

"म्या बी मोजल्या," ती म्हणाली. "एक, दोन. हात पिठात व्हते, तसंच मोजल्या. मग तुला इच्यारलं, तर तू न्हाय म्हनलास. मला बरं वाटलं बग. म्हनलं, यानं आयकलं न्हाय, म्हंजे हाक नव्हतीच. भूतच व्हतं. चाळीस वर्सं म्या तुझ्या त्या न्हायवर जगले."

"मग जोत्याला कशाला शिकिवलास त्योच नेम? आपलं एक पोर गेलं त्यात, आन् पुन्ना नातवाला?"

"न शिकवून काय करू?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "नेम खोटा म्हनला की धुळ्याला म्या मारलं असं हुतंय. मला न्हाय झालं त्ये म्हनायला. म्हनून खरा धरला. लई घट धरला. नातवाच्या गळ्यात बी बांदला." मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम चिडून म्हणाली, "आन् तू काय हितं बसलायस माझ्या तोंडाकडं बगत? त्या पोरानं आजून किती हाका मारायच्या? त्येला बी तोंड हाय, आन् तुला काय पटकी आलीया? तू मार की हाक!"

सिद्धनाथ उठला. कोनाड्यातलं कार्ड काढायची गरज नव्हती, नंबर पाठ होता, सहा महिने पाठ होता. त्यानं मूठ फिरवली. "पुणे पाहिजे," तो म्हणाला आणि नंबर सांगितला. "लाइन मिळाली की घंटी देतो. तीन मिनिटं मिळतील," एक्स्चेंजवाला म्हणाला. सिद्धनाथ स्टूल ओढून यंत्राखाली बसला, हात आकड्यावर. केराबाई पिठाच्या हातांनी दारात आली. दुसऱ्या दारात बाळाबाई, पहिल्यांदाच दिवसाउजेडी फरशीवर, भिंतीला धरून. कितीतरी वेळ काही झालं नाही. हात अवघडला. त्याच्या मनात आलं, लाइन मिळूच नये. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

घंटी वाजायला सुरुवात झाली न झाली तोच त्यानं उचललं. पहिली घंटी अर्धीच राहिली.

"हॅलो, बोला," कुणीतरी पुण्यात म्हणालं. मागं हातोडा ठणाणत होता, कुठलं तरी इंजिन घरघरत होतं.

"जोतीराम हाय का? जोतीराम."

"आपण कोण?"

"बाप," तो म्हणाला. "त्याचा बाप, सोलापूरहून."

"धरा हां, गाडीखाली असेल." यंत्र लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग तोच माणूस लांबून ओरडला, "जोतीराम!" हातोडा चालूच. सिद्धनाथनं खाली बघितलं तर अंगठा करंगळीवर गेलेला. "ए जोतीराम!" हातोडा चालूच. आणि मग पावलं परत आली, आवाज जवळ आला. "नाही हो इथं. बाहेर गेलेला दिसतोय. सांगतो त्याला. ठेवू?"

"ठेवू नका!" सिद्धनाथ असा ओरडला की केराबाई दचकली. "हाय, हाय त्यो तितंच! आयकलंय त्यानं. अजून एकदा मारा हाक."

"अहो, दोनदा मारली की."

"तिसरी मारा! तिसऱ्या हाकेबिगर त्यो ओ देत न्हाय, त्येला तसंच शिकिवलंय आमी. चूक आमची हाय, त्येची न्हाय. तुमच्या पाया पडतो मालक, एकदाच मारा!"

पलीकडचा माणूस काहीतरी पुटपुटला, हसला असावा. यंत्र पुन्हा लाकडावर टेकलं. सिद्धनाथनं कान इतका दाबून धरला की पाळी दुखू लागली. मूठ त्यानं गच्च आवळली होती, अंगठा आत.

"अरे जोतीरा...म!"

हातोडा थांबला. आणि त्या सगळ्या घरघरीच्या पलीकडून, खूप लांबून, खालच्या अंगानं, आवाज आला.

"काय म्हनतोय रं?" बाळाबाईनं दारातून विचारलं. "सिद्धा, काय म्हनतोय?"

सिद्धनाथच्या गालावरून ओघळ खाली चालले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"ओ दिली," तो म्हणाला. "ओ दिली त्येनं, आई."